फिल्मवरचा डाग

सत्त्याऐंशी साली हैदराबादेत भीमराजच्या बायकोच्या डोक्याचं स्कॅन काढलं, तेव्हा फिल्मवर मधोमध चिंचोक्याएवढा काळा डाग होता. बीदरचा डॉक्टर म्हणाला, "वयोमानानं असतं." ती शिजलेली डाळ पुन्हा धुऊन चुलीवर ठेवायची, तेही म्हणे वयोमानानं. वर्षाच्या आत ती गेली.

मुडबी गावातल्या घरात भीमराज रोज ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरायचा. डाग वाढत होता. त्यानं डागाच्या कडेनं सुईनं भोकं पाडली. डाग भोकं ओलांडून पुढं गेला.

तो तणतणत बीदरला गेला.

"तवाच सांगितलो होतो, कायतरी हाय म्हणून. आता बघा, वाढायलाय."

"अप्पा, माणूस गेल्यावर फोटोतला डाग कसा वाढेल?" डॉक्टरनं फिल्म दिव्यासमोर धरली आणि तो थबकला. ती सगळी काळी होती. कोपऱ्यात छापलेलं नावही बुडालं होतं. सुईची भोकं तेवढी लकाकत होती.

"बाईंचं नाव काय होतं?"

भीमराज फिल्मचा तो कोपरा बोटानं पुसू लागला.

"बायकोचं नाव घ्यायला लाजायलाय म्हातारा," कंपाउंडर हसला.

भीमराज लाजत नव्हता. तो नाव शोधत होता.