खोडरबर नसलेला वर्ग

व्हिसा कचेरीत डोक्यावरचं, शिकतानाच्या आठवणी वाचणारं हेल्मेट सुरू झालं आणि समोरच्या पडद्यावर शर्वाणीच्या चुकाच चुका उमटायला लागल्या. तुळईचा भार चुकलेला, खांबाची जाडी चुकलेली. आता नॉर्वेतल्या पुलाचं काम हातचं जाणार! तिच्या आधी बसलेल्या मुलाचा पडदा कसा आरशासारखा लख्ख होता.

"एवढ्या चुका?" व्हिसा अधिकारी बाईंनी विचारलं.

"पॉलिटेक्निकच्या मगदूम सरांमुळे," शर्वाणी पुटपुटली. "त्यांच्या वर्गात खोडरबर आणायची बंदी होती. चुकलेलं गणित तसंच ठेवायचं, का चुकलं ते खाली लिहायचं, मगच पुढे जायचं. तीन वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या मी त्यांना."

बाई हसल्या. "अहो, हल्ली अख्खं इंजिनिअरिंग तासाभरात डोक्यात भरून मिळतं. पण विकतच्या ज्ञानात एकही चूक नसते. म्हणून तर त्या मुलाला परत पाठवलं. शिक्षणाचे गुण आम्ही स्वतः शिकलेल्यांनाच देतो. तुम्हाला पैकीच्या पैकी!"

बाहेर येताच तिने पहिला फोन इचलकरंजीला, सरांना लावला. घडलेलं सगळं सांगितलं.

पलीकडून सर खाकरून म्हणाले, "पैकीच्या पैकी? माझ्याकडे तर तुला कधीच मिळाले नव्हते."

शर्वाणीने डोळे पुसले.

"म्हणून तर आज मिळाले, सर."