वसुमतीबाईंची सपाट रेघ

रसायननगरात कामावर जाण्याआधी प्रत्येकाला लेसरच्या नळीत फुंकर मारावी लागे. फुप्फुसात रोग असला तर पडद्यावर सुळका उभा राही. अकरा वर्षांत एकही सुळका उभा राहिला नव्हता, आणि तपासनीस वसुमतीबाईंना त्याचा रास्त अभिमान होता. लेसरचा फेज, म्हणजे लहरींचा ताल, रोज जरासा सरकतो. म्हणून सकाळी त्या आधी स्वतः फुंकायच्या आणि रेघ सपाट होईपर्यंत बटण फिरवायच्या.

आज नवी इंजिनियर रेवती आली आणि तिने प्रयोगशाळेतून आणलेल्या शुद्ध हवेवर फेज लावला. वसुमतीबाईंनी सवयीने फुंकर मारली. पडद्यावर सुळका!

"मशीन बिघडवलंस गं बाई," त्या म्हणाल्या.

रेवतीने पुन्हा फुंकायला लावलं. पुन्हा सुळका, जरा उंचच.

"मावशी, तुमचाच श्वास निरोगी धरला, तर तुम्हाला झालेला रोग दुसऱ्या कुणात दिसेल कसा? हे शिकवलं कुणी?"

"माझ्या आधीच्या तपासनिसांनी, कुलथेसाहेबांनी. तेही असंच करायचे."

"कुठे असतात ते?"

"वारले. फुप्फुसांच्या रोगाने," वसुमतीबाई म्हणाल्या, आणि दाराबाहेरच्या रांगेतलं खोकणं त्यांना अकरा वर्षांत पहिल्यांदाच ऐकू आलं.