चित्रातल्या बाईचं कपाळ

"मावशी, व्हिडिओत काय बिघडलंय तेवढं तरी सांगा," वर्षाराणीने तिसऱ्यांदा विचारलं. समाजमंदिरातल्या अकरा बाया एकमेकींकडे पाहून पदराआड हसल्या. सांगितलं मात्र एकीनेही नाही.

नांदेडहून कंधारची एसटी, तिथून ऑटो, असं करत ती या गावात पोचली होती. मोठ्या माणसांनी घरबसल्या मोबाइलवर लिहायला शिकावं, म्हणून ती एका संस्थेसाठी कार्टूनचे धडे तयार करत असे. पहिल्या धड्यात एक बाई बँकेत जाते आणि अंगठा न लावता सही करते. धडे दहा ठरले होते. पण गावाने पहिलाच पुरा पाहिला नाही तर पुढचे नऊ होणार नाहीत, असं संस्थेने तिला कालच बजावलं होतं.

आणि आकडे तर डोकं फिरवणारे. अकरा मोबाइलांवर धडा अर्ध्या मिनिटात बंद झालेला. बाराव्यावर तोच धडा एक्केचाळीस वेळा पाहिलेला! एकाच गावात अकरा जणींना नको आणि एकीला एवढं वेड? वर्षाराणीला काही म्हणजे काही उमगत नव्हतं.

"आवाज कमी येतो का? त्यातली बाई फार भरभर लिहिते का?"

"आवाज बेस हाय," चतुराबाई म्हणाल्या. मग दाराकडे एकवार पाहून त्यांनी आवाज बारीक केला. "पर बाई पांढऱ्या कपाळाची हाय की, माय. आयुष्यातलं पयलं अक्षर. सवाष्णीनं तिचं तोंड बघून कसं गिरवावं?"

वर्षाराणीने स्क्रीनकडे पाहिलं. पंधरा दिवस तिने त्या बाईचं नाक, बोटं, लुगड्याचे काठ यांवर डोळे फोडले होते. टिकली काढायची राहूनच गेली होती. तिचं स्वतःचंही कपाळ मोकळंच. तिच्या ध्यानात येणार तरी कसं!

"एवढंच ना?" तिला हायसं वाटलं. लॅपटॉप मांडीवर घेऊन तिने तिथल्या तिथे चांगली ठसठशीत लाल टिकली काढली आणि धडा पुन्हा लावला.

"आता कशी शोभून राहिली!" चतुराबाई खुलल्या. अकरा वह्या उघडल्या. अकरा माना खाली गेल्या. पुढचे नऊ धडे बचावले म्हणून वर्षाराणी मनातल्या मनात नाचली.

तेवढ्यात दाराशी पेन खाली ठेवल्याचा आवाज झाला. तिथे गुणाबाई एकट्याच बसल्या होत्या. त्यांच्या वहीची पानंच्या पानं 'गुणाबाई', 'गुणाबाई'ने भरली होती. अक्षर वाकडं, पण एकही चूक नाही. वर्षाराणीची नजर त्यांच्या कपाळाकडे गेली आणि बारावा मोबाइल कुणाचा ते तिला कळलं. तिला स्वतःचाच राग आला.

"तुम्ही का थांबलात, मावशी? तुम्हाला तर किती छान येतंय."

गुणाबाई रागावल्या नव्हत्या. त्या खरोखरच गोंधळल्या होत्या. त्यांनी स्क्रीनवरच्या बाईकडे बोट दाखवलं.

"एकली होती, तवा तिचं तिलाच बघावं लागायचं. माझ्यावाणी," त्या म्हणाल्या. "आता हिचा मालक हाय की, पोरी. मंग ही सही कशाला शिकून राहिली?"

 

"हाव की," चतुराबाई हळूच म्हणाल्या.

अकराही पेनं अर्ध्या अक्षरावर थांबली होती, आणि आता सगळ्याजणी वर्षाराणीकडे पाहत होत्या.