खोली शून्य

अक्षांश आणि समुद्राची खोली टाकली की तिथलं गुरुत्वीय त्वरण सांगणारं सॉफ्टवेअर तो भरदुपारी तपासत होता. त्याने ऑफिसचाच अक्षांश टाकला, खोली शून्य. एंटर दाबताच शून्याचे चार हजार मीटर झाले.

"काय धाड भरलीय या मेल्याला!"

त्याने पुन्हा शून्य दाबलं. बटण शेंबडासारखं बुळबुळीत लागलं. बोटाला चिकटा आला, त्याला सडक्या मासळीचा भपकारा.

"शी! ताई, माझ्या कीबोर्डवर कोणी काय सांडलंय?"

"माझाही तसाच झालाय," शेजारची टेस्टर पाठमोरीच म्हणाली. "मीही सकाळपासून शून्यच टाकतेय रे."

तो वळला. तिचे मोकळे केस छताकडे उभे राहून संथ हेलकावत होते.

त्याने ओरडायला तोंड उघडलं, आणि जिभेखाली काहीतरी वळवळलं.