निळकंठ की दिलावर

मेजर दिलावरच जिंकणार, असं हिमांशू ठासून सांगत होता. दुर्गा ऐकायला तयार नव्हती. तिचा एजंट निळकंठ एका हाताने दिलावरला लोळवेल, दुसऱ्या हातात चहाचा कप असला तरी. दोघेही गुप्तहेर मोबाइलवरच्या मालिकांतले. भांडणारी दोघं चिचगडच्या शाळेत पाचवीत. अंगणात बांधून ठेवलेल्या गाठोड्यांवर बसून त्यांचा वाद रंगला होता.

आत दुर्गाचा बाप मंगरू पोत्यात भांडी भरत होता. गुप्तहेर हा शब्द कानावर आला की त्याचा हात थांबायचा.

वीसेक वर्षांपूर्वी जंगलातल्या बंदूकवाल्यांनी त्याच्या बापाला, उदारामला, घरातून उचलून नेलं होतं. सकाळी नाल्याजवळ प्रेत सापडलं. पोलिसांचा खबऱ्या होता म्हणून मारला, एवढंच त्यांनी गावाला कळवलं. मंगरू तेव्हा आज दुर्गा आहे तेवढा होता. मातीला माणसं गोळा होता होता दुपार टळली. नंतर त्याला कोणी वाकडं बोललं नाही, पण उदारामचं नावही कोणी काढलं नाही. तो पंगतीत येऊन बसला की बोलणं दुसरीकडे वळायचं. शेजारचा म्हातारा खेमराज, हिमांशूचा आजा, तर समोरून येताना दिसला की मान खाली घालून बाजूने निघून जायचा. मंगरूने त्याचा एकच अर्थ लावला होता. आपण खबऱ्याचा पोरगा.

बाप खरंच तसा होता का, हे त्याला ठाऊक नव्हतं. आईला, लीलाबाईला, विचारायची हिंमत झाली नाही.

आता जंगल शांत झालं होतं. गावात डांबरी रस्ता आला, मोबाइलचा टॉवर आला. त्या एका गोष्टीवरचा गप्पपणा तेवढा राहिला. मागच्या आठवड्यात जेवताना दुर्गा म्हणाली, मी मोठी झाल्यावर गुप्तहेर होईन. मंगरूने ताट बाजूला सारलं. दुसऱ्या दिवशी कोहमाऱ्याला जाऊन तो महामार्गावरच्या एका ढाब्यावर काम ठरवून आला. पोरीच्या तोंडावर कोणी तो शब्द फेकण्याआधी इथून निघायचं होतं. शेतातल्या बांधीतलं धान पोटरीला आलं होतं. तेही कापायला थांबायची त्याची तयारी नव्हती. बायको प्रेमिला नवी खोली झाडायला सकाळीच पुढे गेली होती. लीलाबाई मात्र दारात बसून होती. माझा माणूस इथल्या मातीत आहे, मी येत नाही, एवढं सांगून तिने बोलणं संपवलं होतं.

अंगणात आवाज चढले. दिलावरला शत्रूने उपाशी कोंडलं तरी तो फुटला नाही. निळकंठला बर्फात गळ्यापर्यंत पुरलं, तोही फुटला नाही. हिमांशूला घरी पाठवायचं ठरवून मंगरू बाहेर आला.

"जाऊ दे," हिमांशू म्हणत होता. "तुया आजासमोर दोघंही हारतीन."

"कोणता आजा?" दुर्गाने विचारलं.

"उदाराम आजा."

मंगरू उंबऱ्यातच थांबला. आला तो शब्द, असं त्याला वाटलं. पण हिमांशू भलतंच सांगत होता. काल त्याचा आजा रडत होता. ही माणसं गाव सोडून चालली, असं म्हणत होता, आणि मग त्याने सगळं सांगितलं. पोलिसांना जंगलातल्या तळाची वाट त्याने, खेमराजने, दाखवली होती. बंदूकवाल्यांनी संशयावरून दोघांनाही धरून नेलं. उदारामला सगळं ठाऊक होतं. वाट दाखवणाऱ्याचं नाव सांग, तुला सोडतो, असं त्यांनी त्याला परत परत म्हटलं. खूप मारलं. तो बोलला नाही. शेवटी मीच दाखवली म्हणाला. खेमराजला त्यांनी उजाडायच्या आत सोडून दिलं, गावात कोणाला कळलंही नाही.

"दिलावर अन् निळकंठ त नोकरी करतेत," हिमांशू म्हणाला. "तुया आजाले कोणी सांगतलं होतं का?"

दुर्गा विचारात पडली. मंगरू पुढे आला.

"एवढे दिवस काऊन नाही सांगतलं तुया आजानं?"

पोरगा घाबरला. मंगरूकडे न बघता पुटपुटला, "आधी भेव वाटे म्हणे. मंग लाज."

मंगरूच्या डोक्यात संताप उसळला. वीस वर्षं तो खाली मान घालून या गावात जगला होता. पाऊल उचललं तेव्हा त्याला खेमराजची गचांडी धरायची होती. पण मागून लीलाबाईचा हुंदका ऐकू आला आणि तो वळला. ती रडत होती, आणि तिचा चेहरा त्याने इतका मोकळा कधी पाहिला नव्हता. दुर्गाने आजीजवळ बसून तिचा हात धरला होता.

हिमांशूला वाटलं, आपण काहीतरी चूक केली. सावरून घ्यायला तो घाईघाईने म्हणाला, की त्यांच्या घरी नव्या तांदळाचा पहिला घास दरवर्षी उदाराम आजाच्याच नावाने काढून ठेवतात. आजा तोवर कोणाला जेवू देत नाही. दार मात्र लावून घेतो.

मंगरूने कुंपणापलीकडे पाहिलं. खेमराज तिथे काठी टेकून उभा होता. कधीपासून, कोण जाणे. आज त्याने मान खाली घातली नाही.

मंगरू कुंपणापाशी गेला.

"काका," मंगरू म्हणाला, "यंदा माया बाबाचा घास आमच्या घरी येऊन ठेवा."