कोरडी टाचणी

शंकरपाळ्यांच्या पाकिटात टाचणी सापडली आणि कारखान्याचा पट्टा नऊ वर्षांत पहिल्यांदा थांबला. टाचणी तोडणकरांनीच टाकली होती.

नवा अतिवाहक सेन्सर कणभर लोखंडही पकडायचा. त्याला माणसांच्या चेना, बक्कल, पिना खपेनात, म्हणून सगळ्यांना घरी पाठवलं. तोडणकर तेवढे नाडीचा पायजमा घालून, दाढेवरची धातूची टोपी उपटून एकटे राहिले. धातू सापडला, तरच सरकारी निरीक्षक स्वतः येत.

निरीक्षक ढेपेबाई आल्या. त्यांनी पाकीट फोडून टाचणी उजेडात धरली.

“काका, पिठातून आली असती तर तळली गेली असती. ही कोरडी आहे.”

“नोकरी जाईल का?”

“जायलाच हवी.” बाई खाली बसल्या. त्यांनी एक शंकरपाळं तोंडात टाकलं. “गोड जरा कमी आहे हो.”

तोडणकरांना भरून आलं. “आणखी घ्या ना.”

पाकीट संपल्यावर बाईंनी अहवालात लिहिलं, ‘टाचणी तळलेली.’

“पुढच्या वेळी खरंच तळा. आणि मंगळवारी नको. मंगळवारी मी बिस्किटांच्या कारखान्यात असते. तिथल्या काकू टाचणी भाजायला विसरतात.”