आधी स्लॅब पिईल

दुसरं महायुद्ध संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात श्रीगोंद्याजवळ एका गोदामाचा स्लॅब नुकताच ओतला होता. सिमेंट पक्कं व्हावं म्हणून, कांद्याला घालतात तसे त्यावर मातीचे वाफे घालून पाणी तुंबवलं होतं. विहिरीवरून हंडे आणून बायका ते भरत होत्या.

साळूबाईनं हंडा ओतण्याआधी ओंजळभर पाणी मागितलं, तेव्हा मुकादम गहिनीनाथ तिच्यावर खेकसला, "आधी स्लॅब पिईल, मग तू! तडे गेले तर सायेब माजं कातडं सोलंल."

तिनं हंडा ओतला आणि तिथंच वाफ्यात आडवी झाली, ती उठलीच नाही. गहिनीनाथनं तिचं प्रेत खाली उतरवून घेतलं आणि बायकांना पुन्हा हंडे उचलायला लावले.

दुसऱ्या दिवशी दुपारी रशीद गवंड्यानं त्याला वर बोलावलं.

साळूबाई पडली होती तो वाफा काठोकाठ भरला होता. पण मधोमध, कुशीवर निजलेल्या बाईएवढी जागा ठणठणीत कोरडी होती. पाणी तिच्या कडेशी येऊन थांबलं होतं.

गहिनीनाथनं शिव्या घालत त्या कोरड्या जागेवर स्वतः हंडे रिते केले. पाणी निमूट बाजूला सरलं. उन्हानं त्याच्या घशाला कोरड पडली. त्यानं तांब्या तोंडाला लावला, घटाघटा रिकामा केला. कोरड हटेना. त्यानं दुसरा भरून घेतला.

"मुकादम, पिऊ नका," रशीद मागं सरकत म्हणाला. "तुमी घोट घेतला का त्या कोरड्यात तिच्या तोंडाची जागा वली व्हतीय."

गहिनीनाथनं ते ऐकलं. पण तांब्या काही त्याच्या तोंडापासून सुटेना.